हिरवे तेवढे रान नव्हे

दिल्ली म्हटले की लाल किल्ला, संसद भवन, रुंद रस्ते आणि न संपणारी गर्दी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. हे महानगर एका पर्वताच्या टोकाशी वसलेले आहे, याची मात्र आपल्याला सहसा कल्पना नसते. गुजरातमधून निघून राजस्थान आणि हरियाणा ओलांडत सुमारे सातशे किलोमीटरचा प्रवास करणारी अरवली पर्वताची रांग दिल्लीत यमुनेच्या काठाशी येऊन संपते. ही रांग जगातील अतिप्राचीन पर्वतांपैकी एक असून हिमालयाहून कितीतरी जुनी आहे. ऊन, वारा आणि पाऊस यांनी ती इतकी झिजली आहे की, दिल्लीत तिच्या केवळ बुटक्या, खडकाळ टेकड्या उरल्या आहेत. दिल्लीकर या टेकड्यांना ‘रिज’ म्हणतात.

या रिजच्या उत्तर भागातील एका जागेचे नाव मराठी माणसाला ओळखीचे वाटेल. ते नाव आहे ‘हिंदूराव’. कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने टेकडीवर बांधलेला बंगला त्याच्या मृत्यूनंतर हिंदूरावांकडे आला आणि त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. १८५७ च्या लढ्यात याच बंगल्याच्या परिसरात घनघोर लढाई झाली. आज तेथे महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे. जवळच सम्राट अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो मीरतहून आणविला होता. रुग्णालयाभोवतीच्या टेकडीवर दाट झाडी आहे, माकडे आहेत, मोरांचे केकारव ऐकू येतात. शहराच्या मध्यभागी एवढे हिरवे रान टिकून राहिले, याचा कोणालाही आनंद वाटेल.

परंतु या झाडीत शिरून एकेक झाड ओळखण्याचा प्रयत्न केला, तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. पुष्कळ ठिकाणी एकच झाड पुन्हा पुन्हा भेटते आणि त्या झाडाखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. हे झाड अरवलीचे नव्हे, भारताचेही नव्हे. मग या हिरव्या टेकडीला रान म्हणावे काय? रान म्हणजे नेमके काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला हिंदूरावहून याच डोंगररांगेने दक्षिणेकडे जावे लागेल. तेथे, जुन्या खाणींच्या जागी, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत माणसाने एक अवघड प्रयोग केला आहे.

पर्वत पोखरला गेला

अरवलीचा दगड कठीण आहे. क्वार्ट्झाइट नावाचा हा खडक रस्त्याच्या खडीसाठी आणि बांधकामासाठी उत्तम मानला जातो. त्याच्या जोडीला अभ्रक, मुरूम आणि ‘बदरपूर’ या नावाने ओळखली जाणारी तांबडी वाळू येथे मिळते. देशाची राजधानी वाढू लागली, तसतशी खडी आणि वाळूची मागणी वाढत गेली. दक्षिण दिल्लीतील वसंत विहारजवळची टेकडी, हरियाणाच्या सीमेलगतचा भट्टी परिसर, गुरुग्राममधील नाथूपूर गावाकडील डोंगर अशा अनेक जागा खाणींनी पोखरल्या गेल्या. आज आपण ज्या पुलांवरून जातो आणि ज्या इमारतींत राहतो, त्यांतील पुष्कळसा दगड या टेकड्यांच्या पोटातून आलेला आहे.

खाण खणताना प्रथम झाडे जातात. मग त्यांखालची माती खरवडून बाजूला टाकली जाते. त्यानंतर सुरुंग लावून खडक फोडला जातो. खणणारे निघून गेले की, मागे उरतात उघडे खड्डे, उभे कडे आणि दगडांच्या भुकटीचे ढीग. काही ठिकाणी खड्डे इतके खोल गेले की, जमिनीखालचे पाणी वर आले आणि त्यांची तळी झाली. भट्टी येथे अशी तळी पाहावयास मिळतात.

ही हानी लक्षात आल्यावर कायद्याची आणि न्यायालयाची पावले पडू लागली. १९८६ साली असोला येथे वन्यजीव अभयारण्य घोषित झाले आणि १९९१ साली भट्टीचा खाणग्रस्त परिसर त्याला जोडण्यात आला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दिल्लीतील खडी क्रशर बंद करून बाहेर हलविण्यात आले. १९९४ साली रिजच्या ७,७७७ हेक्टर क्षेत्राची राखीव वनासाठी अधिसूचना निघाली. पुढे २००२ आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे हरियाणातील अरवली परिसरात खाणकामावर बंदी आली. खाणी थांबल्या. पण खाण थांबणे आणि जमीन बरी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काटा काढला, तरी जखम भरून यावी लागते.

आपोआप आलेली हिरवळ

सोडून दिलेल्या खाणींवर काही वर्षांतच हिरवळ दिसू लागली. वरवर पाहणाऱ्याला वाटले असते की, निसर्गाने आपली जखम स्वतःच भरून काढली. प्रत्यक्षात ती हिरवळ बहुतांशी एकाच झाडाची होती. हिंदीत त्याला ‘विलायती किकर’ म्हणतात. महाराष्ट्रात तेच झाड ‘वेडी बाभूळ’ या नावाने परिचित आहे. सोलापूरकडे, मराठवाड्यात, ओढ्यांच्या काठाने आणि पडीक रानात आपण ते पाहिले असेल.

वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आणली गेली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या रिजवर तिची लागवड झाली. खडकाळ जमिनीवर, थोड्या पाण्यावर आणि गुराढोरांच्या तोंडातून वाचून झपाट्याने वाढणारे झाड हवे होते. ते काम तिने चोख केले. गोरगरिबांना तिच्यापासून सरपणही मिळाले. हा तिचा उपकार नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जे गुण तिला तगवितात, तेच इतरांना जगू देत नाहीत. तिची मुळे खोलवर जाऊन पाणी ओढून घेतात. तिच्या पडलेल्या पानांतील द्रव्यांमुळे खाली अन्य झाडांचे बी रुजण्यास अडथळा होतो. तिच्या गोड शेंगा शेळ्या आणि नीलगायी खातात व त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर पसरतात. तोडली, तर बुंध्यापासून तिला पुन्हा अनेक फांद्या फुटतात. त्यामुळे एकदा तिने जागा धरली की, तेथे गवत विरळ होते. गवत नाही म्हणून त्यावर जगणारे कीटक नाहीत आणि कीटक नाहीत म्हणून ते टिपणारे पक्षीही कमी. दुरून हिरवागार दिसणारा तो पट्टा आतून बराचसा मुका असतो.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. रान हे झाडांच्या संख्येवर ठरत नाही. गवत, वेल, झुडूप, वृक्ष, बुरशी, कीटक, पक्षी आणि पशू हे एकमेकांच्या आधाराने जेथे नांदतात, त्यास रान म्हणावे. शास्त्रज्ञ या परस्परांत गुंतलेल्या जीवनव्यवस्थेला ‘परिसंस्था’ म्हणतात. खाणीने परिसंस्था मोडली होती. वेड्या बाभळीने त्या मोडलेल्या जागेवर केवळ हिरवे पांघरूण घातले होते.

मूळचे रान कोठे शोधावे?

एखादी जुनी मूर्ती भंगली, तर तिच्यासारखी दुसरी मूर्ती पाहून तिची दुरुस्ती करता येते. रानाच्या बाबतीतही असा एखादा नमुना हवा असतो. खाणींच्या जागी पूर्वी कोणती झाडे होती, हे सांगणारे काही उरले नव्हते. सुदैवाने गुरुग्राम आणि फरिदाबाद यांच्या दरम्यान ‘मांगर बनी’ नावाचे एक पुरातन रान शिल्लक आहे. तेथील गावकरी गुदडिया बाबा या सत्पुरुषाची ती जागा मानतात. बाबांच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, फांदी तोडायची नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम आहे. सह्याद्रीतील आणि कोकणातील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा नियम नवा वाटणार नाही. कायद्याची भाषा ज्यांना ठाऊक नव्हती, त्यांनी श्रद्धेच्या भाषेत रान राखले आणि पुढच्या काळातील शास्त्रज्ञांसाठी जणू एक उघडे पुस्तक ठेवून दिले.

मांगर बनीत धौ या वृक्षाचे राज्य आहे. आपल्याकडील धावडा आणि हा धौ एकाच कुळातील, जवळचे नातलग. खडकाच्या भेगांत मुळे रोवून तो उभ्या उतारावर तग धरतो आणि निसटणारी माती धरून ठेवतो. त्याची वाढ संथ असते. गुरांनी पुन्हा पुन्हा खाल्ला, तर तो चटईसारखा जमिनीलगत पसरून वाट पाहतो आणि संधी मिळताच उंच होतो. धौच्या सोबतीला सालई, कांडोळ, पळस, खैर, हिवर, बहावा आणि बोर ही झाडे अरवलीत आढळतात. यांतील बहुतेक नावे महाराष्ट्रातील रानांतही ऐकू येतात. एका प्राचीन डोंगराचे रान आपल्या रानाशी किती जवळचे नाते सांगते, हे यावरून दिसते.

दोन उद्याने, एक ध्यास

दिल्ली विकास प्राधिकरणाने या शतकाच्या आरंभी शहरात ‘जैवविविधता उद्याने’ उभारण्याचे ठरविले. नावात उद्यान असले, तरी कारंजी, फुलांचे ताटवे आणि हिरवळीचे गालिचे ही कल्पना येथे नाही. त्या त्या जागेचे मूळ रान, गवताळ प्रदेश किंवा पाणथळ जागा परत उभी करणे, हा त्यामागील हेतू आहे. या कामी दिल्ली विद्यापीठातील ऱ्हास पावलेल्या परिसंस्थांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राने वैज्ञानिक मार्गदर्शन केले. प्राध्यापक सी. आर. बाबू यांचे नाव या कार्याशी कायमचे जोडले गेले आहे. पहिले उद्यान यमुनेच्या पूरमैदानावर साकारले. त्यानंतर वसंत विहारजवळील जुन्या खाणींच्या सुमारे ६९२ एकर जागेवर ‘अरवली जैवविविधता उद्यान’ आकारास आले. हिंदूराव रुग्णालयालगतची कमला नेहरू रिजची सुमारे ८७ हेक्टर टेकडीही पुढे याच मालिकेत सामील झाली.

दुसरे उदाहरण गुरुग्रामचे आहे. तेथील उद्यानाचे नावही ‘अरवली जैवविविधता उद्यान’ असेच आहे. दगडखाणी आणि खडी क्रशर यांनी उजाड केलेली, चारशे एकरांच्या जवळपासची ही जागा. ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने महानगरपालिकेच्या सहकार्याने २०१० साली तेथे काम सुरू केले. विजय धस्माना यांनी त्या कामाला वनस्पतिविषयक दिशा दिली. शाळांतील मुले, कंपन्यांतील कर्मचारी आणि सामान्य रहिवासी यांनी तेथे रोपे लावली. प्रारंभी एक मोठी अडचण उभी राहिली. अरवलीच्या मूळ झाडांची रोपे कोणत्याच रोपवाटिकेत विकत मिळत नव्हती. मागणी शोभेच्या झाडांची होती, धौ किंवा सालईची रोपे विचारणार कोण? म्हणून जुन्या रानांत हिंडून बिया गोळा कराव्या लागल्या आणि स्वतंत्र रोपवाटिका उभारावी लागली.

पुनरुज्जीवनाच्या पायऱ्या

मोडलेले रान पुन्हा उभे करण्याचे काम खड्डा खणून रोप लावण्याइतके सोपे नसते. त्याच्या काही पायऱ्या आहेत.

पहिली पायरी मातीची. खाणीतून निघालेल्या ढिगाऱ्यात दगडाचा चुरा असतो, पण सकस माती नसते. मूठभर चांगल्या मातीत असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते पालापाचोळा कुजवितात, हवेतील नत्र बांधून ठेवतात आणि मुळांना खनिजे मिळवून देतात. ते नसतील, तर रोप उपाशी राहते. या बाबतीत नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने केलेले काम महत्त्वाचे आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर तेथील शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातील मळीसारखे सेंद्रिय पदार्थ घातले. रोपांच्या मुळांशी नत्र बांधणारे जीवाणू आणि उपकारक बुरशी सोडली. ओसाड ढिगाऱ्यांवर त्यामुळे झाडे उभी राहिली. आधी मातीला जीव द्यावा लागतो, मगच ती झाडाला जीव देते.

दुसरी पायरी पाण्याची. दिल्लीत वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडतो. उघड्या खडकावरून ते पाणी क्षणात वाहून जाते. उतारावर दगडांचे छोटे बांध घातले की, पाणी थबकते, सोबतची माती खाली बसते आणि भेगांतून पाणी जमिनीत मुरते. ज्यांनी महाराष्ट्रात पाणलोटाची कामे पाहिली आहेत, त्यांना ही रीत परिचित असेल.

तिसरी पायरी वनस्पतींच्या क्रमाची. प्रथम गवते येतात. ती माती धरून ठेवतात आणि कुजून तिला खत पुरवितात. मग झुडपे आणि वेली, त्यानंतर वृक्ष. कोणते झाड माथ्यावर, कोणते उतारावर आणि कोणते सखल, ओलसर जागी शोभेल, हेही पाहावे लागते. एकाच जातीच्या हजार झाडांची रांग लावली, तर बाग होईल, रान होणार नाही.

चौथी पायरी सर्वांत नाजूक आहे. वेड्या बाभळीचे काय करावयाचे? सगळी झाडे एकदम तोडली, तर जमीन उन्हात उघडी पडते, माती वाहून जाते आणि त्या झाडांवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आसराही नाहीसा होतो. शिवाय तोडलेला बुंधा पुन्हा फुटतोच. म्हणून प्राध्यापक बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धीराचा मार्ग सुचविला. बाभळीच्या माथ्यावरच्या फांद्या छाटून उजेड खाली येऊ द्यावा. त्या उजेडात देशी रोपे वाढवावीत. ती उंच झाली आणि त्यांची सावली बाभळीवर पडू लागली की, उन्हाची भुकेली बाभूळ हळूहळू माघार घेते. शत्रूला एका घावात संपविण्यापेक्षा त्याच्या जागी योग्य वारस उभा करण्याची ही रीत आहे. तिला वर्षे लागतात, पण घाईने केलेले काम निसर्गात फार टिकत नाही.

खड्डाही उपयोगी पडला

या प्रयत्नांत एक अनपेक्षित लाभही झाला. वसंत विहारच्या खाणींतील काही खड्डे खोल आणि अरुंद आहेत. त्यांच्या तळाशी ऊन थोडाच वेळ पोहोचते, लू नावाचा उन्हाळी वारा आत शिरत नाही आणि ओल अधिक काळ टिकते. वर चटका बसत असताना खाली गारवा असतो. या गारव्याचा उपयोग करून तेथे नेचे वाढविण्यात आले आणि आमरांचा, म्हणजेच ऑर्किडचा संग्रह उभा करण्यात आला. या वनस्पती मूळच्या दमट प्रदेशातील. त्या दिल्लीच्या रखरखाटात एरवी जगल्या नसत्या. त्या अरवलीच्या रानाचा भाग नाहीत. तो जिवंत संग्रह आहे, हे विसरता कामा नये. तरीही ज्या खड्ड्याकडे आपण केवळ जखम म्हणून पाहत होतो, त्याच्याही अंगी काही गुण असू शकतो, हा धडा त्यातून मिळतो.

याच उद्यानात फुलपाखरांसाठी वेगळी जागा राखली आहे. फुलपाखराला मध देणारी फुले लागतात, तशीच अंडी घालण्यासाठी ठरावीक वनस्पती लागते. रुईच्या पानांवर अंडी घालणारे नारिंगी फुलपाखरू गुलाबाच्या बागेत कितीही फुले असली, तरी तेथे वंश वाढवू शकत नाही. त्याच्या अळीला रुईसारखी वनस्पतीच हवी. आपण जिला निरुपयोगी झुडूप समजून उपटून टाकतो, तीच एखाद्या जिवाची एकमेव शिदोरी असते.

पशुपक्ष्यांचे परतणे

झाडे माणसाने लावली. पशुपक्ष्यांना मात्र कोणी आणून सोडले नाही. अन्न, पाणी आणि आसरा मिळू लागताच ते आपल्या पायांनी आणि पंखांनी आले. वसंत विहारच्या आणि गुरुग्रामच्या उद्यानांत नीलगाय, कोल्हा, मुंगूस, साळिंदर, ससा आणि घोरपड यांचा वावर आहे. मोर, तित्तर, सातभाई आणि राखी धनेश दिसतात. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली आणि खाण्यासाठी वड-पिंपळाची फळे लागतात. म्हणजे केवळ रोप लावून त्याचे भागत नाही. ते झाड म्हातारे होईपर्यंत राखावे लागते.

असोला-भट्टी अभयारण्यात प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकडीने खाणग्रस्त जमिनीवर वृक्षलागवड केली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे निसर्गशिक्षण केंद्र चालविले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेली ही संस्था दिल्लीच्या खाणींतील वन्यजीवांची नोंद घेते, हा महाराष्ट्राच्या दृष्टीने आनंदाचा विषय आहे. एके काळी सुरुंगांच्या स्फोटांनी हादरणाऱ्या या प्रदेशात आता बिबट्यांचे अस्तित्व स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपले आहे. बिबट्या हा भक्ष्यसाखळीच्या शिखरावरचा प्राणी. तो टिकून आहे, याचा अर्थ त्याखालची साखळी बऱ्याच अंशी जुळून आली आहे.

मात्र प्राणी परतले की, नवे प्रश्नही उभे राहतात. २०१६ साली यमुना जैवविविधता उद्यानात एक बिबट्या येऊन राहिला. शास्त्रज्ञांना तो रानाच्या आरोग्याचा पुरावा वाटला. शेजारच्या गावांतील लोकांना आपल्या मुलाबाळांची आणि गुरांची काळजी वाटली. दोन्ही भावना खऱ्या होत्या. अखेर त्याच वर्षी वनविभागाने त्याला पकडून दूरच्या जंगलात सोडले. यावरून लक्षात येते की, शहराच्या कुशीतील रानाला एकटे ठेवून चालत नाही. एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यासाठी प्राण्यांना सलग वाट लागते आणि शेजारच्या माणसांना विश्वासात घ्यावे लागते.

ज्यांचे हात खाणीत राबले

खाणींची गोष्ट सांगताना खाणकामगारांना वगळले, तर ती अर्धवट राहील. महाराष्ट्रात माती आणि दगड यांच्या कामावर वडार समाज जगत आला. तसाच भट्टीच्या खाणींत खोदकाम करणारा ओड समाज होता. खाणी बंद झाल्या, तेव्हा रानाला विसावा मिळाला, पण या कुटुंबांची रोजीरोटी गेली. ते खाणींत होते, तेव्हाही सुखात नव्हते. क्वार्ट्झाइट फोडताना उडणारी बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस हा असाध्य आजार जडतो. दिल्लीच्या लाल कुआँ परिसरात खडी क्रशर बंद झाल्यानंतरही अनेक वर्षे जुने कामगार या आजाराने खंगत राहिले. टेकडीचे आणि कामगाराचे शरीर एकाच वेळी पोखरले जात होते, असे म्हटले, तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

म्हणून खाणीच्या जागी रान उभारताना त्या जागेवर पूर्वी ज्यांचे पोट अवलंबून होते, त्यांचा विचार आधी व्हावयास हवा. रोपवाटिका सांभाळणे, बिया गोळा करणे, बांध घालणे, वणवा रोखणे, पाहुण्यांना रान दाखविणे या कामांना माणसे लागतातच. जमिनीची नस ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याहून अधिक योग्य माणसे कोण असणार? संवर्धनाची किंमत केवळ गरिबाने मोजावी आणि लाभ इतरांनी घ्यावा, असे घडले, तर ते संवर्धन फार काळ टिकणार नाही.

जे परत येत नाही

या उद्यानांच्या यशामुळे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. खाण खणून झाल्यावर पुन्हा रान उभारता येते, तर मग खणण्यास हरकत काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. फोडलेली टेकडी कधीच परत येत नाही. पावसाचे पाणी मुरविणाऱ्या खडकातील भेगा शिवता येत नाहीत. धौचे रान मुळांपासून शेंड्यापर्यंत पिकण्यास कित्येक दशके लागतात. मांगर बनीसारखे रान माणसाने लावलेले नाही, ते राखलेले आहे. लावण्यापेक्षा राखणे सोपे, स्वस्त आणि शहाणपणाचे असते.

उभे केलेले रानही आपोआप सुरक्षित होत नाही. गुरुग्रामच्या उद्यानातून महामार्ग नेण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा ज्या नागरिकांनी तेथे रोपे लावली होती, तेच विरोधासाठी उभे राहिले. पुढे २ फेब्रुवारी २०२२ रोजी या उद्यानाला देशात प्रथमच एक वेगळी मान्यता मिळाली. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान नसूनही जेथे जैवविविधतेचे परिणामकारक रक्षण होते, अशा जागांना आंतरराष्ट्रीय पातळीवर हा दर्जा दिला जातो. सरकारी कुंपणाबाहेरही संवर्धन घडू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

अरवलीविषयीचा वादही शमलेला नाही. आसपासच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा त्याहून अधिक उंच असलेल्या भूरूपासच अरवलीची टेकडी मानावे, अशी व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी स्वीकारली. त्यामुळे कमी उंचीच्या असंख्य टेकड्या संरक्षणाबाहेर राहतील, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने आपला तो आदेश स्थगित ठेवला. हिंदूराव रुग्णालयाची टेकडी शंभर मीटर उंच नाही. वसंत विहारच्या खाणींभोवतीचे कडेही नाहीत. झिजून बुटका झालेला पर्वत पर्वत राहत नाही काय? उंची मोजण्याच्या पट्टीने रानाचे मोल ठरविता येते काय? या प्रश्नांचा विचार न्यायालयाइतकाच नागरिकांनीही करावयाचा आहे.

आपल्यासाठी

आपण दिल्लीत असा, चंद्रपूरच्या कोळसा खाणींजवळ असा किंवा एखाद्या लहान गावात असा, आपल्या आसपास सोडून दिलेली एखादी दगडखाण नक्कीच असेल. बहुधा तिच्यात कचरा टाकला जात असेल किंवा पावसाळ्यात पाणी साचत असेल. एखाद्या दिवशी तेथे जाऊन पाहावे. कोणते गवत उगवले आहे? एकच झाड सगळीकडे आहे की अनेक? कोणते पक्षी येतात? गावातील वृद्धांना विचारावे की, खाण होण्यापूर्वी तेथे काय होते? त्यांच्या आठवणीत असलेल्या झाडांची नावे लिहून ठेवावीत. ती यादी म्हणजेच त्या जागेच्या पुनरुज्जीवनाचे पहिले पान असते.

वृक्षारोपणाच्या दिवशी कोणी आपल्या हाती रोप दिले, तर ते कोणाचे, कोठले आणि या मातीला ओळखीचे आहे काय, एवढे अवश्य विचारावे. या लहानशा प्रश्नाने हिरवळ आणि रान यांतील अंतर कमी होऊ लागते.